तेहतीस मीटर खोलवरचे आकाश

मायाकोव्स्काया हे मॉस्को मेट्रोच्या झामोस्क्वोरेत्स्काया मार्गावरचे भुयारी स्थानक आहे. शहराच्या गाभ्यातून वायव्येकडे निघालेला त्वेर्स्काया रस्ता आणि त्या गाभ्याभोवती फिरणारा सादोवोये वर्तुळमार्ग जिथे एकमेकांना छेदतात, तिथे त्रिउम्फाल्नाया चौक आहे. या चौकाच्या पोटात, जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर, हे स्थानक आहे. ११ सप्टेंबर १९३८ रोजी ते प्रवाशांसाठी खुले झाले. नाव कवी व्लादिमीर मायाकोव्स्की यांचे, वास्तुरचना अलेक्सेई दुश्किन यांची आणि छतातली मोझेक चित्रे अलेक्सांद्र देइनेका यांची. जाड भिंतींऐवजी पोलादी खांबांवर छत तोलणारे, इतक्या खोलीवरचे हे जगातले पहिले स्थानक मानले जाते. त्याची शोभा, त्यातली चित्रे आणि युद्धकाळात त्याच्या वाट्याला आलेले काम या साऱ्यांचा उगम त्या खांबांत आहे.

खोल जाण्याचा निर्णय

मॉस्कोत मेट्रो बांधण्याचा निर्णय सोव्हिएत सत्ताधाऱ्यांनी १९३१ मध्ये घेतला आणि कामासाठी ‘मेत्रोस्त्रोय’ ही संस्था स्थापन झाली. पहिला विचार रस्ते उघडे खणून, मार्ग बांधून, वरून पुन्हा झाकण्याचा होता. ही पद्धत सोपी आणि तुलनेने स्वस्त, पण तिच्यात शहराचे मुख्य रस्ते वर्षानुवर्षे खोदलेले राहिले असते. वेनियामिन माकोव्स्की या तरुण अभियंत्याने १९३२ मध्ये ‘प्रावदा’ या वृत्तपत्रात लेख लिहून खोल भुयारांचा आग्रह धरला. पाण्याने भरलेल्या वाळूच्या थरांतून वरच्या वर खणत जाण्यापेक्षा त्यांच्या खालून जावे, वरची वाहतूक आणि इमारती यांना धक्का लावू नये, असा त्यांचा मुद्दा होता. खोल भुयारे हवाई हल्ल्यात आसरा देतील, हा आणखी एक फायदा होता.

पहिला मार्ग १५ मे १९३५ रोजी १३ स्थानकांसह सुरू झाला. काही भाग उथळ, काही खोल अशी तडजोड त्यात होती. दुसऱ्या टप्प्यात शहराच्या मध्यापासून त्वेर्स्काया रस्त्याच्या खालून सोकोलपर्यंत नवा मार्ग नेण्यात आला. त्या काळी या रस्त्याला लेखक गोर्की यांचे नाव होते. त्याच सुमारास तो रुंद केला जात होता आणि त्यासाठी काही इमारती उचलून मागे सरकवल्या जात होत्या. अशा रस्त्याखाली खोल जाण्याला पर्याय नव्हता. मायाकोव्स्काया याच टप्प्यातले.

भिंत की खांब

खोल स्थानकाचा मुख्य प्रश्न भाराचा असतो. ३३ मीटर खोलीवर माती, खडक आणि भूजल यांचा दाब वरून आणि दोन्ही बाजूंनी सतत येत राहतो. तो पेलायला गोल नळी हा सर्वांत सोयीचा आकार. त्यामुळे खोल स्थानकांची रूढ रचना तीन समांतर नळ्यांची होती. बाहेरच्या दोन नळ्यांतून गाड्या जात, मधली नळी प्रवाशांची. या नळ्या शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यामध्ये ठरावीक अंतरावर दारे कोरली जात. दोन दारांच्या मध्ये उरलेला जाडजूड भाग सगळा भार घेत असे. या भागाला ‘पायलॉन’ म्हणतात.

पायलॉनची रचना भक्कम असते, पण ती जागा खाते. मधल्या दालनात उभ्या असलेल्या माणसाला फलाट अर्धवटच दिसतो. गर्दी अरुंद दारांशी अडते. दालन एकसंध न वाटता भुयारांचा जुडगा वाटते. दुश्किन यांचेच, मार्च १९३८ मध्ये उघडलेले ‘प्लोश्चाद रेवोल्युत्सी’ हे स्थानक या प्रकाराचे उत्तम उदाहरण आहे. तिथे पायलॉन इतके अवजड होते की त्यांच्या कमानींच्या कोपऱ्यांत मात्वेई मानिझेर यांची ७६ कांस्यशिल्पे बसवण्यात आली. अंगचा जडपणा लपवता येत नाही म्हणून तो शिल्पांच्या कामी लावण्याचा हा मार्ग होता.

मायाकोव्स्कायात उलट मार्ग निवडला गेला. सुरुवातीचा आराखडा समुईल क्रावेट्स यांचा होता. खार्किवच्या प्रसिद्ध ‘गोस्प्रोम’ इमारतीच्या तीन वास्तुकारांपैकी ते एक. पुढे काम दुश्किन यांच्याकडे आले. खोल स्थानकात पोलादी खांब वापरण्याची अभियंत्यांची योजना तोपर्यंत आकाराला आली होती. तिच्यातून वास्तू कशी घडवायची, हा प्रश्न दुश्किन यांच्यापुढे होता.

या पद्धतीत आधी दोन बाजूंची भुयारे खणून त्यांना बिडाच्या कड्यांचे अस्तर दिले जाते. मग या भुयारांत पोलादी खांब आणि त्यांच्यावर आडव्या तुळया उभ्या करतात. मधल्या भागाची माती काढून तिसरी कमान बांधली की ती दोन्ही बाजूंच्या खांबांवर टेकते. तीन नळ्यांच्या जागी एकच प्रशस्त दालन तयार होते आणि त्याच्या दोन्ही अंगांना फलाट खुले राहतात. पायलॉनमध्ये कित्येक मीटर जाडीचा दगड-काँक्रीट जो भार घेतो, तो इथे सडपातळ खांबांवर येतो. म्हणून प्रत्येक खांब, प्रत्येक जोड आणि प्रत्येक रिव्हेट बिनचूक असावा लागतो. पोलादही भरपूर लागते, आणि तीसच्या दशकातल्या सोव्हिएत संघात पोलादाला रणगाडे, कारखाने आणि रेल्वे यांची मागणी आधीच होती. त्यामुळे ही रचना लगेच सर्वत्र पसरली नाही. कुर्स्काया (१९५०) आणि कोम्सोमोल्स्काया (१९५२) या वर्तुळमार्गावरच्या खोल स्थानकांत ती पुन्हा मोठ्या प्रमाणावर दिसली.

पोलाद, दगड आणि उजेड

दुश्किन यांचा जन्म १९०४ चा. मेट्रोत त्यांचे नाव झाले ते पहिल्या मार्गावरच्या आताच्या क्रोपोत्किन्स्काया स्थानकामुळे. रचनेवर नक्षी चिकटवू नये, रचनाच दिसू द्यावी आणि उजेडाने ती खुलवावी, ही त्यांची धारणा क्रोपोत्किन्स्कायातही दिसते. मायाकोव्स्कायात तिला पोलादाची जोड मिळाली.

इथले खांब आणि त्यांना जोडणाऱ्या कमानी स्टेनलेस स्टीलच्या पन्हळी पट्ट्यांनी मढवलेल्या आहेत. पट्टी खांबाच्या अंगाने वर चढते, कमानीत वळते आणि पलीकडच्या खांबावर उतरते. भार कुठून कुठे जातो हे प्रवाशाला डोळ्यांनी दिसते. इतक्या लांब आणि रुंद पट्ट्यांना नेमका आकार देणारी यंत्रे तेव्हा मॉस्कोजवळच्या दोल्गोप्रुदनी इथल्या हवाई जहाजांच्या कारखान्यात होती. इटालियन हवाई जहाजकार उम्बेर्तो नोबिले याच कारखान्यात काही वर्षे काम करत होते. आकाशात उडणाऱ्या यानांसाठीचे तंत्र अशा रीतीने जमिनीखाली उतरले.

खांबांच्या कोपऱ्यांवर उरल पर्वतातल्या गुलाबी ऱ्होडोनाइटच्या पट्ट्या आहेत. रशियन भाषेत या दगडाला ‘ओर्लेत्स’ म्हणतात. पोलादाचा थंड करडेपणा आणि दगडाचा उबदार गुलाबी रंग एकमेकांना उठाव देतात. जमिनीवर वेगवेगळ्या रंगांच्या संगमरवराची भौमितिक रचना आहे. भिंतींवर फारशी सजावट नाही. कमानींची खोबण मॉस्कोच्या मुलांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. एका बाजूने जोरात सरकवलेले नाणे खोबणीतून वर चढते आणि कमान ओलांडून पलीकडे उतरते.

मधल्या दालनाचे छत सपाट ठेवलेले नाही. प्रत्येक दोन खांबांच्या अंतरावर त्यात लंबगोल घुमट आहेत. घुमटांच्या कडेला दिव्यांची रांग आहे आणि प्रत्येक घुमटाच्या सर्वांत वरच्या भागात एक मोझेक चित्र आहे. दिव्यांचा उजेड घुमटाच्या पांढऱ्या भिंतीवर पडून खाली येतो. त्यामुळे छत जड वाटत नाही. वर उघडे झरोके आहेत असा भास होतो. ३३ मीटर मातीचे ओझे डोक्यावर आहे, ही जाणीव प्रवाशाला होऊ नये, हा या सगळ्या योजनेचा हेतू होता.

एका दिवसाची चित्रमालिका

देइनेका यांचा जन्म १८९९ मध्ये कुर्स्क इथे एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या घरी झाला. खेळाडू, वैमानिक, कामगार, यंत्रे हे त्यांचे आवडते विषय. १९३५ मध्ये त्यांनी अमेरिका, फ्रान्स आणि इटलीचा प्रवास केला. मायाकोव्स्कायासाठी त्यांनी ‘सोव्हिएतांच्या देशातील एक दिवस’ अशी चित्रमालिका रचली. तिच्यातली ३४ चित्रे आज दिसतात.

मालिका सकाळपासून सुरू होते, दिवसातून रात्रीत जाते आणि पुन्हा सकाळवर येते. सर्व चित्रांत दृष्टिकोन एकच आहे: जमिनीवर उभे राहून मान वर करून पाहणाऱ्या माणसाचा. त्यामुळे विमाने पोटाकडून दिसतात. हवाई छत्र्या डोक्यावर उघडतात. बर्फावरून उडी घेतलेला स्कीपटू अंगावरून निघून जातो. सफरचंदाच्या फांद्या आकाशावर रेखल्या जातात. पोलादाच्या भट्ट्यांची धुराडी उंचावत जातात. रात्रीच्या चित्रांत क्रेमलिनच्या स्पास्काया मनोऱ्यावरून हवाई जहाज तरंगते. भुयारातल्या माणसाला आकाश दाखवायचे तर ते खालूनच दिसायला हवे, हे देइनेका यांनी नेमके ओळखले होते.

घुमट खोल असल्याने दुरून एकही चित्र पूर्ण दिसत नाही. त्याच्या थेट खाली जाऊन थांबावे लागते. गाडी पकडायला धावणाऱ्याच्या वाट्याला ही मालिका येत नाही. ती वाट पाहणाऱ्यासाठी आहे.

या आकाशात जे आहे त्याइतकेच जे नाही तेही बोलके आहे. मार्च १९३८ मध्ये, स्थानक उघडण्याच्या सहा महिने आधी, मॉस्कोत बोल्शेविक नेते निकोलाई बुखारिन आणि इतरांवरचा गाजलेला खटला होऊन त्यांना मृत्युदंड देण्यात आला होता. शहरात अटकांचे सत्र चालू होते. देइनेका यांच्या सोव्हिएत दिवसात निरभ्र आकाश, तरुण शरीरे आणि भरलेली झाडे आहेत. राज्याला लोकांनी जे पाहावे असे वाटत होते ते इथे आहे, आणि चित्रकाराच्या हाताला खरोखर जमत होते तेही आहे. दोन्ही एकत्र असल्यामुळे या चित्रांची कलात्मक बाजू प्रचाराच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकली.

काचेचे काम

देइनेका यांनी चित्रे रंगवली; त्यांना काचेत उतरवले लेनिनग्रादच्या व्लादिमीर फ्रोलोव यांच्या कार्यशाळेने. फ्रोलोव हे झारकालीन परंपरेतले मोझेककार. सेंट पीटर्सबर्गमधल्या ‘सांडलेल्या रक्तावरचे तारणहार’ या चर्चच्या भिंतींवरची हजारो चौरस फुटांची मोझेक त्यांच्याच कार्यशाळेची. मोझेकसाठी ‘स्माल्ट’ म्हणजे रंगीत अपारदर्शक काच वापरली जाते. तिच्या लहान तुकड्यांनी चित्र रचतात आणि सिमेंटमध्ये पक्के करतात. रंग काचेच्या अंगातच असल्याने तो उडत नाही. सतत ओल येणाऱ्या भुयारासाठी तैलरंग किंवा भित्तिचित्रापेक्षा हे माध्यम कितीतरी टिकाऊ आहे.

देवळातले संत घडवणाऱ्या हातांनीच वैमानिक आणि खेळाडू घडवले, यात त्या काळाची गोष्ट सामावली आहे. देइनेका आणि फ्रोलोव यांनी पुढे मॉस्कोच्या आणखी एका मार्गासाठी एकत्र काम केले. हे काम युद्धात अडकले. लेनिनग्रादला वेढा पडलेला असताना फ्रोलोव यांनी त्या चित्रांचे मोझेक पूर्ण केले आणि १९४२ च्या सुरुवातीला वेढ्यातच त्यांचा मृत्यू झाला. ती मोझेक आज नोवोकुझ्नेत्स्काया स्थानकाच्या छतात आहेत.

चौक, कवी आणि रंगभूमी

मायाकोव्स्की यांनी १४ एप्रिल १९३० रोजी आत्महत्या केली. पुढची काही वर्षे त्यांच्याकडे दुर्लक्ष होत राहिले. १९३५ मध्ये त्यांच्या निकटच्या लिल्या ब्रिक यांनी याबद्दल स्टालिनला पत्र लिहिले. त्यावर स्टालिनने मायाकोव्स्की यांना सोव्हिएत युगाचा सर्वश्रेष्ठ कवी ठरवणारा शेरा मारला. त्याच वर्षी त्रिउम्फाल्नाया चौकाला मायाकोव्स्की यांचे नाव मिळाले. स्थानकाचे नाव त्यातून आले.

स्थानकाचे दक्षिणेकडचे प्रवेशद्वार चायकोव्स्की संगीत सभागृहाच्या इमारतीत आहे. मुळात ही इमारत दिग्दर्शक व्सेवोलोद मेयेरहोल्द यांच्या नाट्यगृहासाठी बांधली जात होती. मायाकोव्स्की यांची ‘ढेकूण’ आणि ‘स्नानगृह’ ही नाटके मेयेरहोल्द यांनीच रंगमंचावर आणली होती. जानेवारी १९३८ मध्ये त्यांचे नाट्यगृह बंद करण्यात आले. १९३९ मध्ये त्यांना अटक झाली आणि फेब्रुवारी १९४० मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. अर्धवट इमारतीचे सभागृहात रूपांतर करून त्याच वर्षी ती चायकोव्स्कींच्या नावाने उघडण्यात आली.

१९५८ मध्ये चौकात अलेक्सांद्र किबाल्निकोव यांनी घडवलेला मायाकोव्स्की यांचा पुतळा उभा राहिला. अनावरणानंतर तरुण मंडळी तिथे जमून कविता वाचू लागली. सरकारी यादीत न बसणाऱ्या कविता लोक उघड्यावर ऐकू लागले. १९६१ मध्ये या मेळाव्यांवर बंदी आली आणि काही तरुणांना तुरुंगात धाडण्यात आले. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर १९९२ मध्ये चौकाला जुने त्रिउम्फाल्नाया हे नाव परत मिळाले. स्थानकाचे नाव मात्र बदलले नाही.

६ नोव्हेंबर १९४१

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले. २१ जुलैच्या रात्री मॉस्कोवर पहिला मोठा हवाई हल्ला झाला. त्या दिवसांत संध्याकाळी गाड्या थांबवून मेट्रोची स्थानके आणि भुयारे नागरिकांसाठी उघडली जात. बायका-मुलांना आधी जागा मिळे. भुयारांत रुळांवर लाकडी फळ्या टाकून झोपण्याची सोय केली जाई. आसऱ्याच्या या काळात मेट्रोत दोनशेहून अधिक मुले जन्मल्याची नोंद आहे. किरोव्स्काया स्थानकात सैन्याचे मुख्यालय हलवण्यात आले. तिथे गाड्या न थांबता पुढे जात आणि फलाट प्लायवूडच्या भिंतीने झाकलेला असे.

१६ ऑक्टोबर हा मॉस्कोतल्या घबराटीचा दिवस. जर्मन सैन्य जवळ आले होते, सरकारी कचेऱ्या शहर सोडत होत्या. मेट्रो शत्रूच्या हाती पडू नये म्हणून ती निकामी करण्याची तयारी सुरू झाली आणि सकाळी स्थानके उघडली नाहीत. संध्याकाळपर्यंत आदेश मागे घेऊन गाड्या पुन्हा सुरू झाल्या. सुरू झाल्यापासून सकाळी मेट्रो न उघडल्याचा हा एकमेव दिवस सांगितला जातो.

तीन आठवड्यांनी ऑक्टोबर क्रांतीचा २४ वा वर्धापन दिन होता. त्या निमित्ताची सभा एरवी बोल्शोय नाट्यगृहात होत असे. २८ ऑक्टोबरला बोल्शोयवर बॉम्ब पडला होता. जमिनीवरच्या सभागृहात सरकारचे सगळे नेतृत्व एकत्र आणणे शक्य नव्हते. म्हणून ६ नोव्हेंबरची सभा मायाकोव्स्कायात ठेवण्यात आली. एवढा श्रोतृवर्ग एका नजरेच्या टप्प्यात बसेल असे एकसंध दालन खोल स्थानकांत इथेच होते. पायलॉनच्या स्थानकात अर्ध्या लोकांना वक्ता दिसलाच नसता. एका फलाटावर उभ्या केलेल्या गाडीचे डबे सभेच्या सोयींसाठी वापरण्यात आले. दुसऱ्या फलाटावर स्टालिन गाडीतून उतरला. खांबांमधल्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या आणि टोकाला व्यासपीठ होते.

भाषण रेडिओवरून देशभर ऐकवले गेले. युद्धातल्या पीछेहाटीच्या कारणांत स्टालिनने युरोपात दुसरी आघाडी नसल्याचा उल्लेख केला. त्यानंतर संगीताचा कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी लाल चौकात संचलन झाले आणि त्यातल्या तुकड्या थेट आघाडीवर गेल्या. त्या संध्याकाळची छायाचित्रे जगभर पोहोचली. त्यांच्यात व्यासपीठामागे देइनेका यांच्या घुमटांचा उजेड दिसतो.

पुरस्कार आणि त्यानंतर

स्थानकाची कीर्ती युद्धाआधीच बाहेर पोहोचली होती. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात सोव्हिएत दालनात त्याची प्रतिकृती मांडली गेली आणि तिला ग्रां प्री मिळाले.

दुश्किन यांनी पुढे आव्तोझावोद्स्काया (१९४३) आणि रंगीत काचांच्या नोवोस्लोबोद्स्काया (१९५२) या स्थानकांची रचना केली. क्रास्निये वोरोता इथली उंच इमारत आणि ‘देत्स्की मीर’ हे मुलांच्या वस्तूंचे मोठे दुकानही त्यांचेच. नोव्हेंबर १९५५ मध्ये सरकारने बांधकामातील ‘अतिरेकां’विरुद्ध ठराव काढला. त्याचा फटका दुश्किन यांना बसला आणि त्यांची पदे गेली. त्यानंतरची अनेक स्थानके एकसारखी आणि स्वस्त झाली. १९७७ मध्ये दुश्किन यांचे निधन झाले.

मायाकोव्स्कायाचा शेजारही बदलत गेला. १९३८ मध्ये मध्यभागाच्या दिशेने पुढचे स्थानक आताचे तेआत्राल्नाया होते. दोघांमधले अंतर बरेच असल्याने चालू मार्गावरच मध्ये नवे स्थानक घुसवण्यात आले. ते १९७९ मध्ये उघडले आणि आज त्वेर्स्काया नावाने ओळखले जाते. चौकाच्या एकाच बाजूला असलेले प्रवेशद्वार वाढत्या गर्दीला पुरेनासे झाल्यावर उत्तरेकडे नवे दार बांधण्यात आले. ते २००५ मध्ये सुरू झाले. तिथल्या दालनात इवान लुबेन्निकोव यांची मोझेक आहेत. त्यांच्यातही आकाश आहे आणि त्यावर मायाकोव्स्की यांच्या ओळी आहेत. देइनेका यांच्या आकाशात माणसे आणि यंत्रे गर्दी करतात. लुबेन्निकोव यांच्या आकाशात मोकळी जागा जास्त आहे.

खोल स्थानकांचा कायमचा शत्रू पाणी असतो आणि मायाकोव्स्कायालाही झिरपणाऱ्या पाण्याचा त्रास झाला. सांध्यांची गळती रोखणे, मोझेकवरचे डाग काढणे आणि झिजलेल्या दगडाच्या जागी नवा दगड बसवणे ही कामे वेळोवेळी होत राहतात.

आजचे स्थानक

आज मॉस्को मेट्रोची अडीचशेहून अधिक स्थानके आहेत. मायाकोव्स्कायात आठ डब्यांच्या गाड्या येतात. गर्दीच्या वेळी दोन गाड्यांमधले अंतर दीड ते दोन मिनिटांवर येते. शहराच्या मध्याकडे जाणाऱ्या गाडीत स्थानकांची घोषणा पुरुषाच्या आवाजात होते आणि बाहेर जाणाऱ्या गाडीत स्त्रीच्या. दिशा ओळखायला दृष्टिहीन प्रवाशांना याचा मोठा उपयोग होतो. मेट्रो पहाटे साडेपाचला सुरू होते आणि रात्री एकपर्यंत चालते. स्थानक पाहायला वेगळे तिकीट नाही, प्रवासाचे साधे तिकीट पुरते. गर्दी नसलेल्या वेळी मधल्या दालनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वर पाहत चालत गेले की देइनेका यांचा अख्खा दिवस पाहून होतो.

मायाकोव्स्कायानंतर जगात अधिक खोल, अधिक मोठी आणि अधिक खर्चिक भुयारी स्थानके बांधली गेली. भार वाहणारे अंगच जिथे शोभेचे अंग झाले आहे, अशी स्थानके त्यांच्यात मोजकीच आहेत. मॉस्कोचे हे स्थानक त्यांतले पहिले आणि अजूनही सर्वांत चांगले.